एआय आणि आपण: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव शहर आणि खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या तालुक्यांतून गेल्या काही महिन्यांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही व्याख्यानांनंतर चिठ्ठ्यांवर आले, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर. एकाच अर्थाचे प्रश्न जोडून एक केला आहे आणि विचारणाऱ्यांची नावं काढली आहेत. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. पैसा, जमीन किंवा नोकरी पणाला लागली असेल तर कागद घेऊन वकिलाकडे जा.

१. एआयची नीती म्हणजे काय? यंत्राला कसली आलीय नीती?

यंत्राला नाहीच. जो ते विकत घेतो, बसवतो आणि त्याच्या आकड्यावर सही करतो, त्याची नीती तपासायची. कर्ज द्यायचं की नाही, कुणाला कामावर घ्यायचं, कुणाचा अर्ज बाजूला काढायचा हे पूर्वी एक माणूस ठरवायचा. तो चुकायचा, पक्षपातही करायचा, पण त्याच्या टेबलासमोर जाऊन भांडता यायचं. आता ते टेबलच दिसेनासं होतंय.

म्हणून कुठल्याही एआयबद्दल मी तीन गोष्टी विचारतो. चुकलं तर कुणाचं किती नुकसान होईल? निर्णय असाच का आला, हे साध्या भाषेत सांगता येतं का? आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस नावासकट सापडतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोन्हींची उत्तरं कितीही चांगली असली तरी माझा विश्वास बसत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा फिरून येईल.

२. भारतात एआयसाठी वेगळा कायदा आहे का?

युरोपात आहे तसा नाही. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि टप्प्याटप्प्याने लागू होतोय. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआय कारभाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, पण ती तत्त्वंच आहेत, त्यांत दंड नाही. त्यामुळे आपल्याकडे जुनेच कायदे हाताशी धरावे लागतात: माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३, शिवाय रिझर्व्ह बँकेचे नियम आणि कामगार कायदे.

या सगळ्यांच्या मुळाशी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं. तो खटला लढवणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

३. माणूस जात-धर्म-ओळखपाळख बघतो. त्यापेक्षा एआय निष्पक्ष नाही का?

जुन्या निर्णयांवरून शिकलेलं एआय जुना पक्षपातही शिकतं. अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी एक प्रणाली बनवून पाहिली होती. आधीच्या वर्षांत आलेले अर्ज बहुतांश पुरुषांचे, त्यामुळे बायकांचे अर्ज ती खाली ढकलू लागली. प्रकल्प गुंडाळावा लागला आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी व्यावसायिक सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जेमतेम ०.८ टक्के निघालं, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं.

आपल्याकडे आडनावावरून जात, पत्त्यावरून गल्ली आणि शाळेच्या नावावरून भाषा कळते. अर्जातला जातीचा रकाना काढून टाकला म्हणून सॉफ्टवेअर ‘आंधळं’ होत नाही. उरलेल्या रकान्यांतून ते तीच गोष्ट हुडकून काढतं.

४. उद्यमबागेत माझा वीस माणसांचा कारखाना आहे. हे सगळं मोठ्या कंपन्यांचं. मला काय त्याचं?

हजेरीचं चेहरा ओळखणारं मशीन, व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तर देणारा बॉट, अर्ज चाळून देणारी नोकरीची वेबसाइट, यांपैकी एक तरी तुमच्याकडे असणार. विकणाऱ्याला बिल देण्याआधी एवढं लिहून घ्या: माहिती कुठे साठते, किती दिवस राहते, करार संपल्यावर पुसली जाते का आणि चूक निघाली तर फोन कुणाला करायचा. लेखी द्यायला काचकूच करणाऱ्याकडून घेऊ नका.

५. कारखान्यात एआयचे कॅमेरे बसवलेत. आम्ही कामगारांनी विरोध करावा का?

आधी कॅमेरा कशाकडे बघतोय ते पाहा. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करण्याच्या कारखान्यात, कास्टिंगवरचे ब्लोहोल, भेगा, कोल्ड शट असे दोष टिपणारा कॅमेरा हा तपासनिसाचा मदतनीस आहे. त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. रिजेक्शन गिऱ्हाइकाकडून परत येण्यापेक्षा इथेच पकडलेलं सगळ्यांच्या फायद्याचं. भट्टीजवळ कुणी बिनहेल्मेटचा गेला की भोंगा वाजवणारा कॅमेराही मला चालतो.

अडचण सुरू होते ती तोच कॅमेरा माणसाकडे वळतो तेव्हा. कोण किती वेळ बसला, कोण किती वेळा बाहेर गेला, कुणाच्या पाळीत रिजेक्शन जास्त, याची यादी नावानिशी तयार होते आणि महिन्याच्या शेवटी पगारातून कापलं जातं. कास्टिंग खराब निघायला वाळूतला ओलावा, धातूचं तापमान, पॅटर्नची झीज अशी दहा कारणं असतात. मोल्डरचा, म्हणजे साचा करणाऱ्याचा, हात हे त्यातलं एक. कॅमेऱ्याला मात्र समोर उभा असलेला माणूसच दिसतो.

कायदा इथे दोन्ही बाजूंनी बोलतो. डेटा संरक्षण कायद्यानुसार नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला प्रत्येक वेळी कामगाराची संमती लागत नाही. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दंड किंवा नुकसानभरपाई पगारातून कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. ‘कॅमेऱ्याने दाखवलं’ ही सुनावणी होत नाही. कंत्राटी कामगारांनी तर हे सुपरवायझरला लेखीच विचारावं, कारण तिथे कापाकापीचा हिशेब बऱ्याचदा तोंडीच असतो.

चेहऱ्यावरून ‘मूड’ किंवा ‘लक्ष आहे की नाही’ ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअरं घेऊच नयेत. युरोपने कामाच्या ठिकाणी आणि शाळांत भावना ओळखणाऱ्या एआयवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली आहे.

६. एआय आल्यावर माणसं कमी केली तर ते अनैतिक आहे का?

नुसतं यंत्र आणणं अनैतिक नाही. पॉवरलूम आला तेव्हाही शहापूर-वडगावच्या हातमागवाल्यांना हाच प्रश्न पडला होता. अनैतिक आहे ते न सांगता करणं. यंत्र किंवा पद्धत बदलल्याने कामगार कपात होण्याची शक्यता असेल तर २१ दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार, शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा असतो.

हे सगळं कायम कामगाराचं. कंत्राटदारामार्फत आलेल्या, कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याचं नाव त्या हिशेबात बहुधा नसतंच. खऱ्या नीतीची परीक्षा तिथे होते.

७. बँकेने आणि अ‍ॅपने कर्ज नाकारलं. ‘सिस्टीमने रिजेक्ट केलं’ एवढंच सांगतात. पुढे काय?

‘सिस्टीम’ हे कारण नव्हे. कर्जाचा अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कधीचंच सांगून ठेवलंय. तेव्हा आधी शाखेत लेखी अर्ज देऊन कारण मागा आणि पोच घ्या.

दुसरं, तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात दुसऱ्याचं थकीत कर्ज तुमच्या नावावर लागलेलं असू शकतं (का, ते प्रश्न ९ मध्ये). तक्रार केल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. फारच थोडे लोक ती मागतात.

तिसरं, बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

इथे एक उणीव सांगायला हवी. ‘हा निर्णय यंत्राने घेतला, आता माणसाकडून फेरतपासणी करा’ असं म्हणण्याचा सरसकट हक्क आपल्या डेटा कायद्यात नाही. युरोपात तो आहे. आपल्याला तो अशा आडवाटांनी मिळवावा लागतो.

८. कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधले सगळे नंबर घेतले आणि आता नातेवाइकांना फोन करतात. हे चालतं का?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्ज नियमांनुसार अ‍ॅपने तुमची संपर्क यादी, कॉलची नोंद, फोटो आणि फाइल यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण हे फक्त ओळख पटवण्यापुरतं, एकदाच, तुमच्या परवानगीने. तसं झालं नसेल तर ते अ‍ॅप नियम मोडतंय किंवा मुळातच बेकायदा आहे.

वसुलीच्या छळाविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. बचत गटातल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं: धमकीचा कॉल रेकॉर्ड करून पोलीस ठाण्यात जायला लाजायचं कारण नाही. कर्ज बुडवणं वेगळं आणि छळाची तक्रार करणं वेगळं.

९. माझं नाव आधारवर एक, उताऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. एआयने जुळवणी केली की माझा अर्ज अडतो. दोष कुणाचा?

सीमाभागातला सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा विस्ताराने.

आपलं नाव घरात मराठी, सातबाऱ्याच्या जागी असलेल्या इथल्या आरटीसी उताऱ्यावर कन्नड आणि आधार-पॅनवर इंग्रजी अक्षरांत. मराठी शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत लिहिलं तर ज्ञानेश्वर ‘डी’ने सुरू होतो, कन्नड कागदावरून लिहिलं तर ‘जे’ने. लक्ष्मीचं स्पेलिंग कुठे ‘एक्स’ने, कुठे ‘केएसएच’ने. त्यात कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे आडनावच गायब. माणूस कारकून हे बघून हसतो आणि पुढे जातो. जुळवणी करणारं सॉफ्टवेअर गुण देतं आणि गुण कमी पडले की अर्ज बाजूला.

उलटंही होतं, आणि ते जास्त भयंकर. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या प्रणालीने वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकत्र जुळवल्या. एका वृद्ध विधवेच्या मरण पावलेल्या, रिक्षा ओढणाऱ्या नवऱ्याचं नाव भलत्याच एका कारमालकाच्या नावाशी जुळलं आणि तिला स्वस्त धान्य नाकारलं गेलं. २०२४ मध्ये शोधपत्रकारांनी ते उघडकीला आणलं. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला. धोका मोजणाऱ्या प्रणालीत नागरिकत्वाचा रकाना होता. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तिथलं सरकार पडलं.

दोष स्पेलिंगचा नाही. ‘गुण कमी म्हणजे माणूस खोटा’ असं ठरवणाऱ्याचा आहे. नावं न जुळणं हे फोन करून विचारण्याचं कारण आहे, नाकारण्याचं नाही. या जिल्ह्यात धंदा करणाऱ्या प्रत्येक वित्तसंस्थेने हे आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला ठणकावून सांगायला हवं. पुण्या-बेंगळुरूत बसून बनवलेल्या प्रणालीला एकाच माणसाचं नाव तीन लिप्यांत असू शकतं, हे आपोआप कळणार नाही.

तोवर तुमच्या हातात काय? एक स्पेलिंग पक्कं करा, आधार आणि पॅन त्यावर आणा आणि ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र एकदाच करून ठेवा. आपण बदलायचं आणि प्रणालीने नाही, हे मलाही पटत नाही, पण अर्ज तुमचा अडलाय.

१०. अंगणवाडीत चेहरा जुळला नाही म्हणून सुनेला पोषण आहार दिला नाही. असं करता येतं का?

घरी नेण्याच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर चेहरा पडताळणी १ जुलै २०२५ पासून सक्तीची झाली, हे खरं. पण गरोदर आणि स्तनदा मातांचा आहार हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. बाळंतपणात चेहरा सुजतो, फोन जुना असतो, खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर रेंज नसते. यातलं काहीही त्या बाईचा दोष नाही. अंगणवाडी ताईंशी भांडू नका, त्यांच्याही हातात फार काही नसतं. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. दाद लागली नाही तर अन्न सुरक्षा कायद्याखालच्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे.

११. अ‍ॅपवरच्या अटी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात. मराठीत मागता येतात का?

येतात. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ५ आणि ६ मध्ये स्पष्ट आहे: माहिती घेण्याआधीची नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या २२ भाषांत आहे, कन्नडही, कोकणीही. तुम्ही कुठल्या राज्यात राहता याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून हा मुद्दा इथल्या नेहमीच्या भाषावादात ओढू नका. रामदुर्गच्या कन्नड शेतकऱ्याला पुण्याच्या कंपनीकडून कन्नडमध्ये नोटीस मिळण्याचा हक्क याच कलमाने दिलाय.

अडचण वेळेची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कर्जाच्या बाबतीत तेवढं थांबायची गरज नाही. बिगर-बँक वित्तसंस्थांनी कर्जदाराशी त्याला समजणाऱ्या भाषेतच पत्रव्यवहार करावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आधीपासून आहे.

१२. सरकारी चॅटबॉटला मराठी कळत नाही. तक्रार कशी करू?

कागदावर, मराठीत. घटनेच्या कलम ३५० नुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. बॉट हा कर्मचाऱ्याच्या मदतीला असतो, कार्यालयाचा दरवाजा बंद करायला नाही. ‘भाषिणी’ ही केंद्राची भाषांतर योजना २०२२ पासून सुरू आहे, त्यामुळे ‘मराठीची सोय करता येत नाही’ ही सबब आता टिकत नाही.

१३. खरेदीखत कन्नडमध्ये आहे. एआयकडून मराठीत करून घेतलं तर चालेल?

मजकुराचा अंदाज घ्यायला चालेल, सही करायला चालणार नाही. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, गुंठे आणि ‘हक्क राखून’ की ‘हक्क सोडून’ या चार जागी एआय चुकलं तर पुढची पिढी कोर्टात जाते. आणि ते चुकताना अडखळत नाही, तितक्याच ठसक्यात चुकीचं सांगतं. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका दिवाणी न्यायाधीशावर कारवाईचे निर्देश दिले, कारण निकालात आधार घेतलेले निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीश फसतात तिथे आपली काय कथा! शिवाय खरेदीखत फुकटच्या बॉटवर चढवलं म्हणजे आधार नंबर, फोटो आणि अंगठे त्यावर गेले. दोन्ही भाषा येणारे जुने दस्तलेखक कचेरीबाहेर अजून बसतात. शंभर-दोनशे रुपये त्यांना द्या.

१४. बेळगावात डिलिव्हरीचं काम करतो. अ‍ॅपने आयडी बंद केली, कारण नाही. कुणाकडे जायचं?

कर्नाटक या बाबतीत बरंच पुढे आहे. २०२५ च्या गिग कामगार (अ‍ॅपवरून एकेक काम घेणारे) कायद्यानुसार काम वाटणारी, रेटिंग देणारी आणि कमाई ठरवणारी स्वयंचलित प्रणाली कशी चालते, हे कंपनीने कामगाराला साध्या भाषेत सांगायचं. काम कायमचं बंद करायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. कंपनीत तक्रार निवारणाची सोय हवी आणि संपर्काला माणूस हवा. हा कायदा राज्याचा आहे. चंदगड किंवा कोल्हापूरच्या बाजूला तीच अ‍ॅप, तीच दुचाकी, पण हे संरक्षण नाही. सीमेचा फायदा अलीकडच्या बाजूला मिळतो असं एक तरी उदाहरण हे!

१५. माझ्या दुकानाच्या बॉटने गिऱ्हाइकाला चुकीची सूट सांगितली. मी बांधील आहे का?

बांधील आहात असंच धरून चाला. ‘एअर कॅनडा’च्या बॉटने एका प्रवाशाला परताव्याचा चुकीचा नियम सांगितला. बॉट ही वेगळी व्यक्ती असल्यासारखा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण आपल्या ग्राहक आयोगासमोरही ‘मी नाही, कॉम्प्युटर बोलला’ हा बचाव टिकेल असं मला वाटत नाही. भाव आणि वॉरंटी याबद्दल बॉटला बोलूच देऊ नका.

१६. एआयने काढलेलं साडीचं डिझाइन माझं की कंपनीचं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. ती लिहिली गेली तेव्हा आजचं एआय नव्हतं, त्यामुळे फक्त दोन ओळींची सूचना देणारा ‘कर्ता’ ठरतो का यावर वाद होणारच.

पण विणकरांना त्याहून जवळचा एक खड्डा आहे. नोंदणी करता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त नग काढले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. एका लूमवर पन्नास साड्या व्हायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी आधी, उत्पादन नंतर. आणि इलकल साडीला भौगोलिक मानांकन आहे. बॉटला ‘इलकलसारखं काढ’ सांगून दुसरीकडे विणलेलं कापड इलकल म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक, त्यात एआयचा काही दोष नाही.

१७. उसासाठी एआय आलंय म्हणतात. माहिती दिली तर कारखाना तिचं काय करेल?

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या प्रयोगाबद्दल ऐकून चिकोडी-अथणीकडून ही विचारणा वाढली आहे. महाराष्ट्राने तर २०२५ ते २०२९ साठी पाचशे कोटींचं कृषी-एआय धोरणही केलं, पण ते नदीपलीकडे.

जमिनीतला ओलावा मोजून पाणी आणि खत वाचत असेल तर नक्की वापरा. विचारायचं ते तोडणीबद्दल. उपग्रहावरून कुठला ऊस किती पक्व झाला हे कारखान्याला घरबसल्या कळलं, की तोडणीचा क्रम त्यावरून लागेल. ते गटाच्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीपेक्षा न्याय्य ठरू शकतं. पण यादी उघड हवी. आपला नंबर मागे का गेला हे शेतकऱ्याला बघता येत नसेल, तर पुढाऱ्याची चिठ्ठी जाऊन संगणकाची चिठ्ठी आली एवढंच. करारात एक ओळ घाला: शेताची माहिती खत, विमा किंवा कर्ज कंपनीला विकायची तर वेगळी परवानगी.

१८. मुलाच्या आवाजात फोन आला, पैसे मागितले. ओळखायचं कसं?

कानाने ओळखण्याच्या भरवशावर राहू नका. कॉल कापा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. घरात एक खूण ठरवून ठेवा, गावाकडच्या शेताचं किंवा विहिरीचं नाव पुरे, जे फेसबुकवर कुठेच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते. तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी आणि ६६-डी कलमांखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

१९. सीमाप्रश्नावर बॉट मराठीत एक सांगतो, कन्नडमध्ये दुसरं. कुणाच्या बाजूचा आहे तो?

कुणाच्याच नाही. ज्या भाषेत विचाराल त्या भाषेतला मजकूर त्याच्या उत्तरावर जास्त छाप पाडतो. मराठी लेखांत एक बाजू भरून आहे, कन्नड लेखांत दुसरी, आणि इंग्रजीतलं उत्तर दोघांनाही आवडत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ चा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, एवढं त्याला विचारायला हरकत नाही, तेही ताडून घ्या. ‘न्याय कुणाचा’ हे विचारू नका. आणि त्याचं उत्तर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना माझा साष्टांग नमस्कार.

२०. मुलगी निबंध एआयकडून लिहून घेते. थांबवू का?

लिहून घेणं थांबवा, विचारणं थांबवू नका. मराठी माध्यमातून पुढे इंग्रजी किंवा कन्नड विषयांना सामोऱ्या जाणाऱ्या मुलांना न कंटाळता समजावणारा मास्तर म्हणून त्याचा खरा उपयोग आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला डेटा कायदा पालकांची पडताळलेली संमती मागतो, तेव्हा खातं तुमच्या नजरेखाली उघडा.

२१. वारलेल्या वडिलांचा आवाज एआयने करून लग्नाच्या व्हिडिओत घातला तर?

घरच्या घरी असेल तर कायदा आड येत नाही. सगळ्या भावंडांना आणि आईला आधी ऐकवा. एकानेही नको म्हटलं तर नको. आणि त्यांनी हयातीत जे म्हटलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडी घालू नका. वाटणीबद्दलचं तर मुळीच नाही. असा एक व्हिडिओ पुढे पुरावा म्हणून कुणी दाखवेल.

२२. डेटा कायदा कुठे लागू होत नाही?

लोक चुकतात ती तीन ठिकाणं. तुम्ही स्वतः उघडपणे फेसबुकवर टाकलेली माहिती त्यातून सुटते, म्हणजे कुणी ती उचलून एआयला शिकवली तर हा कायदा तुमच्या मदतीला येत नाही. घरगुती वापर सुटतो: भाच्याच्या बारशाचे फोटो अ‍ॅपमध्ये सजवलेत तर नोटीस द्यायची गरज नाही, पण फोटोग्राफरने तेच फोटो जाहिरातीसाठी वापरले तर आहे. आणि कागदी वही सुटते. किराणा दुकानातली उधारीची वही कायद्याबाहेर आहे. तिचे फोटो काढून अ‍ॅपमध्ये चढवले त्या दिवसापासून मात्र ती कायद्याच्या आत आली. गणेश मंडळांची वर्गणी यादी, पतसंस्थांची सभासद वही यांनाही हेच लागू. मंडळ नोंदणीकृत आहे की नाही याने फरक पडत नाही.